जमीन विकण्याआधी रक्त तपासा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात गर्दी होती. ती ओसरल्यावर एक शेतकरी गृहस्थ आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन आत आले. (घरच्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी दिवसा नीट चालते, फळ्यावरचे वाचते, पण दिवस मावळला की आईचा पदर धरल्याशिवाय तिला अंगणही ओलांडता येत नाही. शहरातल्या नेत्रतज्ज्ञांनी दोन वर्षांपूर्वीच निदान केले होते, रेटिनायटिस पिगमेंटोझा. "याला औषध नाही, दरवर्षी दाखवत जा," असे सांगून त्यांनी घरी पाठवले होते.

गृहस्थांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. कोणीतरी पाठवलेला मजकूर होता. अमेरिकेत जनुकांच्या एका इंजेक्शनने जन्मांध मुले पाहू लागली, तोच उपचार आता आपल्याकडे, दोन्ही डोळ्यांचे आठ लाख. खाली फोन नंबर.

"दोन एकर काढतो, डॉक्टर. गिऱ्हाईक बघून ठेवलंय. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी विचारले, "मुलीचे नेमके कोणते जनुक बिघडले आहे, ते तपासले का?"

तपासले नव्हते. मी म्हणालो, मग आधी रक्त तपासू, बाकीचे नंतर. यावर ते बराच वेळ खाली बघत बसले. शेवटी हळूच म्हणाले, "रक्ताचं नको, डॉक्टर. थोरलीचं जमवायचं हाय अजून."

दोन एकर जमीन विकायला तयार असलेला बाप मुलीचे चमचाभर रक्त द्यायला तयार नव्हता. आजचा लेख त्याबद्दल आहे.

आधी स्वतःची एक चूक सांगतो. वैद्यकीय व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता. संध्याकाळी ठेचकाळतो, बाजेला धडकतो, अशी तक्रार होती. रातांधळेपणा म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता, हे पाठ झालेले. मी गोळ्या दिल्या. गाजर, पपई, शेवग्याचा पाला, सगळे सांगितले. दोन वर्षे हेच चालले. डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र माझ्या खणात होते. त्यातले सेल केव्हाच संपलेले. ते एकदा हातात धरले असते, तर पडद्यावर पसरलेले काळे ठिपके कदाचित मलाही दिसले असते. ते पाहिले शहरातल्या डॉक्टरांनी, पुष्कळ उशिरा. उपचार तेव्हाही नव्हता, पण दोन वर्षे त्या आईला मी खोटी आशा दाखवली, हे खरेच आहे.

आता त्या मोबाईलवरच्या मजकुरात खरे किती ते पाहू. त्यातला अमेरिकेचा भाग खरा आहे, आणि मोठ्या कौतुकाचा आहे.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असते, त्यालाच आपण बोलताना पडदा म्हणतो. त्यातल्या पेशींमध्ये अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक पदार्थ असतो. तो उंदराच्या सापळ्यासारखा आहे असे समजा. उजेडाचा कण पडला की सापळा खटकन मिटतो आणि मेंदूकडे वर्दी जाते. पण मिटलेला सापळा कोणीतरी पुन्हा लावून ठेवावा लागतो, नाहीतर पुढचा उंदीर सुटणारच. हे लावण्याचे काम पडद्यामागच्या थरातले एक प्रथिन करते. ते ज्या जनुकामुळे तयार होते, त्याचे नाव आरपीई-६५. आई आणि वडील या दोघांकडूनही त्याची बिघडलेली प्रत आली, तर मूल लहानपणापासूनच जवळजवळ अंधारात वाढते. अशा मुलाला गाजरे खाऊ घालून उपयोग नाही. घरात सापळे पुष्कळ आहेत, लावणारा नाही.

या जनुकाच्या बाबतीत निसर्गाने थोडी दया दाखवली आहे. प्रथिन नसले, तरी पडद्यातल्या पेशी बरीच वर्षे जिवंत राहतात. त्या उपाशी असतात, मेलेल्या नसतात. म्हणून शास्त्रज्ञांनी पहिला हात इथेच घातला. ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांमध्ये हाच दोष जन्मतः आढळतो. एका निरुपद्रवी विषाणूच्या पोटात चांगले जनुक भरून ते अशा कुत्र्यांच्या पडद्याखाली सोडले गेले, आणि ती पाहू लागली. २००१ साली हे प्रसिद्ध झाले. त्यातला लान्सलॉट नावाचा कुत्रा इतका प्रसिद्ध झाला की त्याला वॉशिंग्टनला लोकप्रतिनिधींच्या भेटीला नेले होते.

माणसांवर प्रयोग करायला मात्र कोणी धजावत नव्हते. त्याला कारण होते. १९९९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण यकृताच्या आजारावरील जनुकोपचाराच्या प्रयोगात दगावला. विषाणू वेगळा होता, आजारही वेगळा. पण या साऱ्या शास्त्राचीच गती त्यानंतर मंदावली. त्याच विद्यापीठातल्या जीन बेनेट आणि आल्बर्ट मॅग्वायर या डॉक्टर पती-पत्नींनी डोळ्यावरचे काम नेटाने चालू ठेवले. २००७ साली लंडनमध्ये आणि फिलाडेल्फियात पहिल्या रुग्णांवर उपचार झाले, आणि २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकन सरकारच्या औषध प्रशासनाने लक्सटर्ना या नावाच्या औषधाला मंजुरी दिली. आनुवंशिक आंधळेपणावर मंजूर झालेला हा पहिला जनुकोपचार.

त्याची परीक्षा कशी घेतली, हेही सांगण्यासारखे आहे. नुसता अक्षरांचा तक्ता वाचायला लावला नाही. एका खोलीत बाणांची वाट आखली, वाटेत अडथळे ठेवले, आणि खोलीतला उजेड कमी-जास्त करत रुग्णांना त्या वाटेने चालायला सांगितले. उपचार घेतलेल्या २० जणांपैकी १३ जण वर्षभरानंतर सर्वांत मंद उजेडातही वाट न चुकता पार करू शकले. तो उजेड म्हणजे घरातल्या मंद रातदिव्याइतका. उपचार न घेतलेल्या ९ जणांपैकी एकालाही ते जमले नाही. रात्री शेतात जाणाऱ्या माणसाला या आकड्यांचे मोल वेगळे सांगायला नको. तक्त्यावरची अक्षरे वाचण्यात मात्र एवढा स्पष्ट फरक पडला नाही. चष्मा लागणार नाही, बारीक अक्षर दिसेल, असे त्या डॉक्टरांनी कधीच म्हटले नव्हते. ते मोबाईलवर मजकूर लिहिणाऱ्यांनी म्हटले.

"एक इंजेक्शन" हेही खरे नाही. ही शस्त्रक्रिया आहे. डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढायचा, केसासारखी बारीक सुई पडद्याखाली नेऊन ०.३ मिलिलिटर औषध सोडायचे. दुसरा डोळा वेगळ्या दिवशी, निदान सहा दिवसांच्या अंतराने. आधी आणि नंतर स्टिरॉइडच्या गोळ्या. डोळ्यातला हवेचा बुडबुडा जाईपर्यंत विमानप्रवास बंद. पडदा फाटणे, मोतीबिंदू होणे, जंतुसंसर्ग हे धोके आहेतच. मंजुरीनंतरच्या वर्षांत काही रुग्णांच्या पडद्याचा थोडा भाग झिजत गेल्याचेही आढळले आहे. हाच उपचार करणाऱ्या इतर काही गटांच्या रुग्णांत मिळालेला फायदा काही वर्षांनी ओसरू लागला, असे अहवाल २०१५ साली आले. आणि मुळात पडद्यात जिवंत पेशी शिल्लक असतील, तरच हे सारे करायचे.

आता मुख्य मुद्दा. लक्सटर्ना फक्त आरपीई-६५ या एका जनुकासाठी आहे. मंजुरीच्या वेळी सबंध अमेरिकेत असे रुग्ण एक ते दोन हजार असावेत असा अंदाज होता. पडद्याचे आनुवंशिक आजार मात्र अडीचशेहून अधिक जनुकांतल्या दोषांमुळे होतात. बाहेरून सगळे सारखेच दिसतात: रातांधळेपणा, मग नळीतून पाहावे तशी आवळत जाणारी नजर, पडद्यावर काळे ठिपके. कुलपे एकाच कारखान्यातली वाटली, तरी किल्ली प्रत्येकाची वेगळी.

मग प्रत्येक जनुकासाठी तसेच औषध का करत नाहीत? करत आहेत, पण अडचणी आहेत. जनुक वाहून नेणारा तो विषाणू म्हणजे पोस्टमनची लहानशी पिशवी. तिच्यात जनुकाच्या भाषेतली सुमारे ४,७०० अक्षरे मावतात. स्टारगार्ट नावाच्या आजाराचे जनुक ६,८०० अक्षरांचे आहे. ते त्यात बसतच नाही. जिथे बसते तिथेही यश मिळतेच असे नाही. कोरॉइडेरेमिया या आजारावरचा मोठा प्रयोग २०२१ साली अपेक्षित निकाल देऊ शकला नाही. काही जनुकांच्या दोषात पेशी लवकर मरून जातात, मग औषध सोडायचे कोठे? नाही म्हणायला, २०२१ सालीच पॅरिसमध्ये रेटिनायटिसने दृष्टी गेलेल्या ५८ वर्षांच्या एका गृहस्थांना अगदी वेगळ्या पद्धतीने, खास चष्मा लावून, टेबलावरची वही चाचपडत का होईना ओळखता आली. तेव्हा दार बंद नाही. पण कोणत्या दारापुढे उभे राहायचे, ते जनुकाचे नाव कळल्याशिवाय सांगता येत नाही.

म्हणून जनुक न विचारता "इंजेक्शन देतो" म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. तो खरा जनुकोपचार करत नाही, हे त्याच्या न विचारण्यावरूनच कळते. आपल्याकडे असे फोन नंबर बहुधा "मूळ पेशीं"चे म्हणजे स्टेम सेलचे असतात. फ्लोरिडात काय झाले ते वाचकांना माहीत असावे. तिथे उतारवयातल्या पडद्याच्या झिजेवर उपाय म्हणून तीन स्त्रियांच्या पोटावरची चरबी काढून, तिच्यातल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. प्रत्येकीने पाच हजार डॉलर मोजले होते. तिघींचीही होती ती दृष्टी गेली. २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा उपचार तिथल्या सरकारी नोंदवहीत "प्रयोग" म्हणून नोंदलेला होता. म्हणजे नुसती नोंद पाहून भागत नाही. आपल्याकडेही औषधांच्या प्रयोगांची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे, आणि डोळ्यासाठी मूळ पेशी पैसे घेऊन विकता येणार नाहीत हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे. प्रयोगाच्या औषधाचे लाखो रुपये कोणी मागत असेल, तर तिथूनच परत फिरावे. दोन्ही डोळे एकाच दिवशी टोचतो म्हणणाऱ्याच्या तर पायरीवरही थांबू नये.

किमतीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. लक्सटर्नाची किंमत २०१८ साली दोन डोळ्यांना साडेआठ लाख डॉलर जाहीर झाली, त्या वेळच्या भावाने साडेपाच कोटी रुपयांच्या आसपास. रुग्ण थोडे, संशोधनाला पंचवीस वर्षे, म्हणून किंमत जास्त, असे कंपन्या सांगतात. त्यात तथ्य असेलही. पण विद्यापीठात, लोकांच्या पैशावर सुरू झालेले संशोधन शेवटी एवढ्या भावाने विकले जावे, हे माझ्या गळी उतरत नाही. आपल्या देशात लस बनते, इन्शुलिन बनते. हेही इथे बनले पाहिजे, आणि त्यासाठी सरकारने पैसा घातला पाहिजे. आपल्याकडे या आजाराचे रुग्ण थोडे नाहीत. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या एका पाहणीत तिशीपुढच्या सुमारे साडेसातशे माणसांमागे एकाला रेटिनायटिस पिगमेंटोझा आढळला. जगात इतरत्र हे प्रमाण सुमारे चार हजारांमागे एक मानतात. हा फरक कशामुळे, याचे एक उत्तर आपल्या लग्नपत्रिकांत आहे. नात्यातली लग्ने.

आता पुन्हा त्या गृहस्थांकडे येतो. त्यांची पत्नी त्यांच्या मामाची मुलगी. आई-वडील दोघांकडेही एकेक बिघडलेली प्रत असेल तर त्यांना स्वतःला काहीच होत नाही. मुलांपैकी प्रत्येकाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. यात कोणाचाच अपराध नाही. मुलीची आई मला म्हणाली, "ग्रहणात मी विळीला हातसुद्धा लावला नव्हता हो." चौदा वर्षे ती बाई हे ओझे वाहत होती. सासूने तसे तोंडावर म्हटलेही होते. ग्रहणाचा आणि याचा काही संबंध नाही, हे मी तिला सांगितले. एकदा सांगून भागले नाही, तीनदा सांगितले.

गृहस्थांची भीती मला समजत होती. रक्ताचा कागद घरात आला की भावकीत कळणार, "यांच्या रक्तात खोट आहे" म्हणणार, थोरलीला स्थळे येणार नाहीत. मी विचारले, थोरलीचे कुठे चालले आहे? म्हणाले, घरातच, माझ्या बहिणीच्या मुलाशी. म्हणजे आतेभावाशी!

मी कागद घेऊन त्यांना आकृती काढून दाखवली. थोरली निरोगी आहे, तरी तिच्याकडे एक बिघडलेली प्रत असण्याची शक्यता तीनांत दोन. आतेभावाकडे तीच प्रत असण्याची शक्यता निदान चारांत एक. परक्या घरात दिली, तर दोन्हीकडे तोच दोष असण्याची शक्यता फारच कमी. ज्या कागदाला ते भीत होते, तो कागद थोरलीचे लग्न मोडणारा नव्हता. तिच्या होणाऱ्या मुलांना जपणारा होता. त्या दिवशी ते काही न बोलता उठून गेले.

पाच दिवसांनी रात्री, दवाखान्याचे शटर अर्धे ओढल्यावर ते एकटेच आले. "जिल्ह्याच्या गावात नको, लांब कुठं तरी करू," एवढेच म्हणाले. हैदराबाद, चेन्नई, मदुराई, बंगळूर इथल्या मोठ्या नेत्र रुग्णालयांत आनुवंशिक आजारांचे विभाग आहेत. तिथे रक्त तपासतात आणि निकालाचा अर्थही समजावून सांगतात. हे दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण नुसता अहवाल हातात पडला तर तो मलाही पटकन उमगत नाही. खर्च हजारांत येतो, लाखांत नव्हे. तरीही माझे मत असे की, ही तपासणी आणि समुपदेशन शासनाने जिल्हा रुग्णालयामार्फत फुकट करून दिले पाहिजे. रक्ताची बाटली प्रवास करू शकते. शेतकऱ्याने हंगाम सोडून हैदराबादला का जावे?

काही आठवड्यांनी अहवाल आला. आरपीई-६५ नव्हते. दोष निघाला यूएसएच-२ए नावाच्या जनुकात. हे जनुक पंधरा हजारांहून अधिक अक्षरांचे. त्या पोस्टमनच्या पिशवीत मावण्याचा प्रश्नच नाही. गृहस्थांचा चेहरा उतरला. पण त्याच जनुकाचा कानाशीही संबंध आहे, म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी ऐकण्याची तपासणी करायला लिहिले होते. ती केली. मुलीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होते, वरच्या पट्टीतले आवाज तर फारच कमी. वर्गात "लक्ष नसते" म्हणून ती आजवर बोलणी खात होती.

आता तिला दोन्ही कानांना यंत्रे आहेत. दरवर्षी नेत्रतज्ज्ञांकडे जायचे ठरले आहे, कारण या आजारात मोतीबिंदू किंवा पडद्यावर सूज आली तर तेवढ्यापुरता उपचार असतो, आणि "औषध नाही" म्हणून घरी बसणारे तोही गमावतात. मनाने अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, हे मी बजावले आहे. मोठ्या मात्रेत त्या यकृताला बाधतात, आणि स्टारगार्टसारख्या आजारात तर पडद्यालाच घातक ठरतात.

दुसरे काम दिव्यांगत्वाच्या दाखल्याचे. तक्त्यावरच्या चार ओळी वाचते, मग हिला कसला दाखला, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. २०१६ च्या कायद्यात नजरेच्या कक्षेलाही मोजले आहे, हे अनेकांना माहीत नसते. समोरचे स्पष्ट दिसत असले, तरी नजरेची कक्षा ४० अंशांपेक्षा कमी असेल तर ती अल्पदृष्टी, आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर कायद्याने अंधत्व धरले जाते. त्यासाठी कक्षेची तपासणी मागून घ्यावी लागते. तिची झाली आहे, दाखला निघाला आहे. दहावीच्या परीक्षेला जादा वेळ मिळावा म्हणून शाळेने अर्ज भरला आहे.

दोन एकर शाबूत आहेत. थोरलीचे आणि तिच्या आतेभावाचे रक्त गेल्या आठवड्यात तपासणीला गेले.